पाण्यातला धनाजी

मुघलांच्या घोड्यांची गोष्ट महाराष्ट्रात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. घोडा पाण्यावर नेला आणि तो बिचकून मागं सरला, की स्वार म्हणे त्याला विचारायचे, ‘काय रे, पाण्यात संताजी-धनाजी दिसले का?’ त्यातले मराठ्यांचे सरसेनापती धनाजी जाधव १७०८ साली कोल्हापूरजवळच्या वडगाव इथं वारले. त्यांची समाधी आजही पेठ वडगावात आहे. आख्यायिका कितपत खरी, हे इतिहासकारांनी पाहावं. मानसोपचाराच्या बाजूनं पाहिलं, तर तिच्यात एक गोष्ट अगदी नेमकी पकडलेली आहे. तो घोडा नाटक करत नव्हता. त्याचे पाय खरोखर थरथरत होते, नाकपुड्या खरोखर फुलल्या होत्या, काळीज खरोखर उडत होतं. पाण्यात धनाजी तेवढा नव्हता.

पॅनिक अटॅक असाच असतो.

समजा, सोमवार आहे आणि वडगावचा बाजार भरलाय. चाळिशीतला एक माणूस पिशवी घेऊन उभा असताना, कारण काही नाही, अचानक त्याच्या छातीत धडधडायला लागतं. दरदरून घाम फुटतो. बोटांना मुंग्या येतात, तोंडाला कोरड पडते, श्वास पुरेना होतो आणि डोक्यात एकच विचार उभा राहतो: संपलं सगळं. भोवती माणसं जमतात. कुणी म्हणतं गॅस झालाय, सोडा पाजा. कुणी चप्पल हुंगवायला निघतं (हा उपाय मिरगीलाही लागू पडत नाही, पण सगळीकडे तोच निघतो). मग रिक्षा, दवाखाना, ईसीजी, आणि अर्ध्या-पाऊण तासानं निरोप की सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. घरी आल्यावर थोरला भाऊ म्हणतो, ‘काय झालेलं नाही रं तुला. उगंच मनाला लावून घेतोयस.’

हा माणूस कल्पनेतला आहे, पण त्याची हकीकत तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला तोंडपाठ असेल. त्याच्याभोवती जमलेल्या सगळ्यांचं मन चांगलं आहे आणि सगळ्यांचं थोडं थोडं चुकतंय.

‘हार्ट अटॅकच आहे’

तसं वाटणं साहजिक आहे. छातीत दुखणं, धाप, घाम, चक्कर, मरणाची भीती ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. फरक सांगता येतो, पण मोघमच. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि पुढच्या वीस-तीस मिनिटांत ओसरू लागतो. हृदयविकाराचं दुखणं बहुधा दाबल्यासारखं, जड, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारं असतं, श्रमानं वाढतं आणि आपोआप थांबत नाही. मधुमेही माणसांत आणि बायकांत मात्र हृदयविकारही वेडीवाकडी रूपं घेऊन येतो.

म्हणून पहिल्यांदा असं झालं, तर घरच्या घरी निदान करत बसू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावा, डॉक्टरांनी सांगितली तर रक्ताची तपासणीही करावी. थायरॉइड वाढलेला असणं, रक्तातली साखर उतरणं, रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके चुकणं, यांनीही हुबेहूब अशीच घबराट होते. ते सगळं एकदा नीट तपासून झालं, की प्रश्न वेगळा होतो.

आणि तिथंच बहुतेकांची गाडी अडते. कॅनडातल्या माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये छातीत दुखतंय म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या ४४१ रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे २५ टक्के लोकांना पॅनिक डिसऑर्डर होता. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नजरेतून त्यातले जवळपास सगळेच, ९८ टक्के, निसटले. नामांकित हृदय-रुग्णालयाची ही गत, तर बाजाराच्या दिवशी भरलेल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’

सगळ्या गैरसमजांत नुकसान करणारा हाच. सोडा पाजून कुणाचं काही बिघडत नाही. ‘काही नाही’ या दोन शब्दांनी मात्र माणूस एकटा पडतो, कारण त्याच्या शरीरात बरंच काही झालेलं असतं.

मेंदूत खोलवर धोक्याची वर्दी देणारी यंत्रणा आहे. ती विचार करत बसत नाही. वर्दी गेली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हातपाय गार पडतात, पचन थांबतं म्हणून पोटात कालवतं. श्वास भराभर होतो, आणि त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. बोटांच्या आणि ओठांभोवतीच्या मुंग्या, गरगरणं, आजूबाजूचं सगळं स्वप्नातल्यासारखं वाटणं, हे बरंचसं त्या उतरलेल्या कार्बन डायऑक्साइडचं काम. साप समोर आला असता तर ही सगळी तयारी उपयोगाची. बाजारात भेंडी घेताना ती झाली, की माणूस कारण शोधू लागतो आणि बाहेर कारण सापडत नाही, तेव्हा आत शोधतो: काळीज बंद पडतंय, वेड लागतंय.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हीच गाठ मांडली. शरीरातल्या निरुपद्रवी बदलाचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा म्हणून हजर होते. कोल्हापूरकराला हे समजायला परदेशी संशोधक लागूही नये. तालमीत दोनशे बैठका मारून उठलेल्या पैलवानाचं काळीजही असंच उडत असतं, तोही धापा टाकतो, घामानं निथळतो. तो घाबरत नाही, कारण धडधड कशाची हे त्याला ठाऊक असतं.

याच हिशेबानं आणखी दोन भीती निकालात निघतात. पॅनिक अटॅकमध्ये माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. शुद्ध जायला रक्तदाब एकदम उतरावा लागतो आणि इथं तो बहुधा चढलेला असतो. (रक्त किंवा सुई बघून चक्कर येणारे वेगळे, त्यांचा रक्तदाब खरंच कोसळतो.) आणि पॅनिक अटॅकमुळं वेड लागत नाही. ‘मला वेड लागणार’ ही भीती या विकाराचं लक्षण आहे, इतकी नेहमीची, की डॉक्टरांच्या लक्षणांच्या यादीत ती चक्क नोंदलेली आहे.

‘मोठा श्वास घे, मोठा!’

आधीच जास्त श्वास घेणाऱ्याला आणखी श्वास घ्यायला लावणं म्हणजे भडकलेल्या चुलीत फुंकणी. सोडायचा श्वास लांबवावा. नाकानं सावकाश चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, काही मिनिटं. तोंडावर कागदी पिशवी धरायची जुनी युक्ती सिनेमात दिसते, ती करू नये. दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं निघालं, तर तीच जिवावर बेतते.

जवळच्यांनी काय करावं? गर्दी हटवावी, शेजारी बसावं, आवाज खाली ठेवावा. ‘घाबरू नको’ म्हणून आजवर कुणाची भीती गेलेली नाही. ‘हे थोड्या वेळात उतरतं, मी हितंच आहे’ एवढं पुरतं, आणि ते खरंही असतं.

‘काही दिवस बाजारात जाऊच नको’

हा सल्ला मायेपोटी दिला जातो, आणि खरा आजार इथून सुरू होतो. एखादा पॅनिक अटॅक आयुष्यात कितीतरी जणांना येऊन जातो, त्याला विकार म्हणत नाहीत. अटॅक पुन्हा पुन्हा आले, आणि पुढचा कधी येईल या धास्तीत किंवा तो चुकवण्यात महिना-महिना जाऊ लागला, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

चुकवण्याचं गणित सोपं आहे. या सोमवारी बाजार टाळला, लगेच हायसं वाटलं. मेंदू त्यातून एकच धडा घेतो, की बाजारात गेलो नाही म्हणून वाचलो. मग कोल्हापूरची एस.टी. नको, कारण हायवेवर मधे उतरता येत नाही. मग लग्न नको, जत्रा नको, देवळातली रांग नको. शेवटी बायकोला सोबत घेतल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जाववत नाही. बिचकलेला घोडा स्वारानं नदीवरून मागं वळवला, तर उद्या तो नदीच्या वाटेलाही लागत नाही.

या अवस्थेचं इंग्रजी नाव अ‍ॅगोराफोबिया. त्यातला ‘अगोरा’ हा ग्रीक शब्द, अर्थ बाजाराचा चौक. शब्दशः बाजाराचंच भय. कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरानं १८७१ साली हा शब्द घडवला. मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणारे पुरुष त्यानं पाहिले होते. योगायोग असा की त्याच वर्षी जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरानं यादवी युद्धातल्या सैनिकांच्या ‘चिडलेल्या हृदया’चं वर्णन छापलं. धडधड, धाप, छातीत कळा, आणि हृदयात मात्र दोष सापडेना. तेव्हा हा मोबाइलनं आणलेला नवा आजार, शहरी आजार किंवा बायकी आजार, ही समजूत दीडशे वर्षांपूर्वीच खोटी पडलेली आहे. पॅनिक डिसऑर्डर हे नाव तेवढं १९८० सालचं. तो बायकांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो हे खरं. पण पुरुषांतली बरीच घबराट दारूखाली झाकली जाते, हेही तितकंच खरं. दारू संध्याकाळी धडधड शांत करते आणि उतरताना पहाटे व्याजासकट परत देते. तंबाखू, मिश्री आणि चहाच्या फेऱ्याही ठोके वाढवतात.

उपाय टाळण्याच्या नेमका उलट दिशेचा आहे, पण पायरीपायरीनं. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) या उपचारपद्धतीत तज्ज्ञ आधी शरीराचं हे गणित समजावतात आणि मग मुद्दाम धडधड घडवून आणतात. जिना भराभर चढायला लावतात, खुर्चीत गरागरा फिरवतात. काळीज उडालं तरी काही होत नाही, हा अनुभव ऐकून येत नाही, घ्यावाच लागतो. त्यानंतर बाजार. पहिल्या सोमवारी सकाळी लवकर, गर्दी नसताना, टोकापर्यंत. पुढच्या वेळी आतपर्यंत, सोबत कुणी तरी. मग एकट्यानं, ऐन गर्दीत. भीती आली तर पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. साधारण दहा-पंधरा बैठकांत पुष्कळांना चांगला फरक पडतो. हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल, तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवली पाहिजे. प्रत्येक काळजी हा आजार नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला, वारणाकाठच्या गावांत पाणी शिरलं. ज्यांनी रात्री जनावरं सोडून, गाठोडं बांधून घर सोडलं, त्यांना पाऊस लागला की झोप येत नसेल, तर त्यांच्या पाण्यात धनाजी खरोखरच होता. ती सावधगिरी कामाची असते. पाऊस नसतानाही, मार्चातसुद्धा ती उतरत नसेल आणि कामधंदा, झोप, भूक खात असेल, तेव्हा दाखवायला जावं.

‘गोळ्यांची सवय लागते’

कुठल्या गोळ्या, हे आधी विचारायचं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पंधरा-वीस मिनिटांत गुंगी आणि आराम देतात, आणि त्यांची सवय खरंच लागते. म्हणूनच त्या एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. ओळखीच्या मेडिकलमधून ‘झोपेची एक पट्टी’ आणून महिनोन्महिने खाणाऱ्यांनी त्या अचानक बंदही करू नयेत, त्यात झटके येण्याचा धोका असतो.

या विकारावर पहिल्यांदा देतात त्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम वगैरे गोळ्या वेगळ्या. त्यांची तलफ लागत नाही. त्यांचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो आणि पहिले काही दिवस अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमक्या त्याच आठवड्यात पुष्कळ जण ‘सोसत नाही’ म्हणून त्या सोडतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या.

बाहेरची बाधा, लागीर, करणी यांबद्दल फार लिहायची गरज नाही. देवाला नारळ फोडून ज्याला धीर येतो त्यानं खुशाल फोडावा. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं मात्र राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. देशात मानसिक विकार असलेल्यांपैकी विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यातून दिसलं. वडगावकरांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय लांब नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं, तेव्हा पॉलिसी असेल तर विचारून पाहा. आणि दवाखान्याची पायरी चढायचीच लाज वाटत असेल, तर केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत.