उत्तरेचे दर्यावर्दी आणि आपले वीरगळ

श्रोतेहो, आज ज्या लोकांविषयी मी आपणांपुढे बोलणार आहे, ते आपल्यापासून फार दूरचे आहेत. युरोपच्या उत्तर टोकास नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क हे देश आहेत. तेथील आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतच्या दर्यावर्द्यांना इतिहासात व्हायकिंग असे नाव पडले आहे. त्यांची कथा सफाळ्याच्या एका निवृत्त शाळामास्तराने का सांगावी, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण माझ्या वर्गातील एक मुलगा होय.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतिहासाच्या तासाला मी वीरगळ म्हणजे काय ते सांगत होतो. रणांगणी पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ गावकरी कोरीव दगड उभा करीत, असे म्हणताच मागील बाकावरचा, किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे वडील आदल्या वर्षी होडीसह दर्यात गेले ते परतले नव्हते. त्यांचे प्रेतही हाती लागले नव्हते. तो म्हणाला, "गुरुजी, माणूस दर्यात गेला तर दगड कुठं उभा करायचा?" मला उत्तर सुचले नाही. मी त्याला खाली बसविले आणि धडा पुढे चालविला. तथापि तो प्रश्न मनातून गेला नाही, आणि त्याचा शोध घेता घेता मी प्रथम बोरिवलीस व नंतर पुस्तकांतून थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन पोहोचलो.

बोरिवलीजवळ एकसर नावाचे गाव आहे. तेथील सहा वीरगळांचे सविस्तर वर्णन १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आले आहे. वीरगळ हा नेहमी खालून वर वाचावयाचा असतो. एकसरच्या एका शिळेवर अगदी खालच्या पट्टीत पाच उंच नाळेची गलबते ओळीने चालली आहेत. प्रत्येकाला डोलकाठी आहे आणि एका बाजूस नऊ वल्ही आहेत. वरच्या पट्ट्यांत गलबतांची झुंज जुंपली आहे, माणसे पाण्यात पडत आहेत. आणि सर्वांच्या वर तेच वीर शिवाच्या सन्निध कैलासात पोहोचले आहेत. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास जे आरमारी युद्ध झाले, त्याच्याशी अनेक अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे महादेवाचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेविले आहे.

आता उत्तरेकडे वळू. व्हायकिंग हे एखाद्या जातीचे नाव नव्हे. एरवी शेती करणारी, मासे धरणारी ही माणसे उन्हाळ्यात व्यापारास किंवा लुटीस समुद्रावर निघत. ७९३ साली त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्न येथील मठ लुटला, तेथपासून त्यांचा काळ मोजण्याचा प्रघात आहे. त्यांची जहाजे लांबट, हलकी आणि तळाला उथळ असत. म्हणून ती खुल्या समुद्राप्रमाणेच नद्यांतूनही चालत. आपल्याकडील जुनी गलबते काथ्याने शिवीत. हे लोक एक फळी दुसरीवर किंचित चढवून लोखंडी खिळ्यांनी ती जोडीत. नॉर्वेतील गोकस्टाड येथे १८८० मध्ये उकरून काढलेले असे एक जहाज सुमारे २३ मीटर लांब असून त्यास ३२ वल्ह्यांची सोय आहे. अशा जहाजांतून ते आइसलंड व ग्रीनलंड येथे वसले आणि कोलंबसाच्या सुमारे ५०० वर्षे आधी अमेरिकेच्या न्यूफाउंडलंड बेटावर उतरले.

याच लोकांची एक शाखा रशियातील नद्यांतून पूर्वेस येई. ९२२ साली बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याने व्होल्गा नदीच्या काठी त्यांच्या एका नायकाचा अंत्यविधी पाहिला व लिहून ठेविला. प्रेत जहाजात ठेवून ते जहाज पेटवून देण्यात आले. त्यांच्यातील एकाने अरबांना हसून म्हटले की, तुम्ही आपल्या प्रिय माणसास किड्यांच्या तोंडी देता. आम्ही त्यास क्षणात जाळून स्वर्गास पोहोचवितो. हे वाचून आपल्यापैकी कोणालाही आपले स्मशान आठवेल. परंतु त्याच चितेवर एका दासीचाही बळी देण्यात आला, हेही इब्न फदलानने नमूद केले आहे. आपल्या गावोगावच्या सतीशिळा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या गोष्टीबद्दल परक्यांकडे बोट दाखविता येणार नाही.

आणि याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते? तारापूरजवळच्या चिंचणी येथे सापडलेला ९२६ सालचा ताम्रपट सांगतो की, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहात होता, आणि एका देवीच्या मठिकेस त्याने दान दिले. म्हणजे अवघ्या चारपाच वर्षांच्या अंतराने एक अरब व्होल्गाकाठी जळते जहाज पाहात होता आणि दुसरा अरब आपल्या संजाणास राज्यकारभार करीत होता. अरबांचे रुपे उत्तरेस किती गेले, याचा पुरावा स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ साली मिळाला. तेथे एका शेतात ६७ किलो रुपे निघाले, त्यांत चौदा हजारांवर नाणी होती आणि त्यांतील बहुतेक अरबी होती. स्वीडनमधील हेल्गो बेटावर तर १९५६ साली एक लहानशी बुद्धमूर्ती सापडली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारताच्या वायव्य सीमेवर घडविलेली आहे. अर्थात व्हायकिंग आपल्या किनाऱ्यास आले, असे मी म्हणत नाही. हाती हात देत वस्तू गेल्या, इतकेच.

आता त्यांच्या देवकथांकडे येतो. त्या आज आपल्याला कळतात त्या मुख्यतः आइसलंडमधील जुन्या हस्तलिखितांमुळे. तेथील स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या विद्वानाने १२२० च्या सुमारास त्या गद्यात सांगितल्या. तो स्वतः ख्रिस्ती होता आणि १२४१ साली मारला गेला. हेमाद्रीच्या आदल्याच पिढीचा हा मनुष्य. त्यांचा थॉर हा मेघगर्जनेचा देव. त्याच्या हाती हातोडा असून जगाला वेढणाऱ्या महासर्पाशी त्याचे वैर आहे. वृत्राचा वध करणाऱ्या आपल्या वज्रधारी इंद्राची येथे आठवण होते. देवांचा राजा ओडिन. त्याने ज्ञानासाठी आपला एक डोळा दिला. त्याचे दोन डोमकावळे रोज जगभर हिंडून बातमी आणतात. एकाचे नाव विचार व दुसऱ्याचे स्मृती. विचार परतला नाही तर काय, ही चिंता ओडिनला आहेच. परंतु स्मृती परतली नाही तर, ही चिंता त्याहून मोठी आहे.

रणात पडलेल्यांना निवडून नेणाऱ्या दिव्य स्त्रियांना वाल्किरी म्हणत. त्या वीरांना ओडिनच्या वाल्हाला नावाच्या महालात नेत. गॉटलंड बेटावर आठव्या-नवव्या शतकांतील चित्रशिळा आहेत. त्यांतील कित्येक शिळांवर खाली शीड उभारलेले जहाज आहे, आणि वर घोड्यावरून येणाऱ्या वीरास एक स्त्री मद्याचे शिंग पुढे करून सामोरी जात आहे. हे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा एकसरचीच शिळा समोर उभी राहिल्यासारखे वाटले: खाली गलबत, वर स्वर्ग. मात्र स्वर्गास्वर्गात फरक आहे. आपला वीर शिवाजवळ पोहोचला की त्याची लढाई संपली. वाल्हालातील वीर दिवसभर लढतात, सायंकाळी उठून जेवतात आणि पुन्हा लढतात. कारण जगाच्या अखेरीस जे युद्ध व्हावयाचे आहे, त्याची ती तयारी आहे. आणि त्या युद्धात ओडिन व थॉरसुद्धा पडणार, हे त्यांना आधीच ठाऊक आहे.

पण जो लढाईत न पडता नुसताच बुडाला, त्याचे काय? त्याच्यासाठी रान नावाची देवी आहे. आपल्या झाडाझुडपांच्या रानाशी तिचा संबंध नाही. ती समुद्रदेवाची पत्नी. तिच्याजवळ एक जाळे आहे आणि बुडालेल्यांना ती त्यात ओढून घेते. तिच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून वादळात सापडलेले खलाशी अंगावर सोने बाळगीत, अशी कथा आहे. नारळी पौर्णिमेस दर्याला सोन्याचा नारळ वाहणाऱ्या आमच्या कोळी बांधवांना ही भीती व ही भक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. स्वीडनमध्ये ग्रिप्सहोम येथे एक कोरीव लेखाचा दगड आहे. टोला नावाच्या आईने तो आपला मुलगा हाराल्ड याच्यासाठी उभारला. १०४० च्या सुमारास इंगवार नावाच्या नायकाबरोबर तो पूर्वेस गेला आणि दूर दक्षिणेस, मुसलमानांच्या मुलखाकडे मेला. त्याचे प्रेत आले नाही. आईने दगड उभारला तो घराकडे, जेथून तो निघाला त्या भूमीवर. पुढे लोक हे विसरले. किल्ल्याच्या तळघरात तो दगड उंबरठा म्हणून बसविलेला सापडला. आपल्याकडे तरी दुसरे काय होते? कित्येक वीरगळांवर आपण कपडे धुतले, कित्येक पायरीला लावले.

तो मुलगा आज स्वतः नाखवा आहे. मध्यंतरी स्टेशनावर भेटला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर फार उशिरा देतो आहे. माणूस जेथून निघाला, तेथे दगड उभा करावा." मग त्याला एकसरची गलबते व टोलाचा दगड यांची हकिकत सांगितली. एकसरच्या वीरांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत, हेही सांगितले. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "मग नाव पण लिहायला पाहिजे, गुरुजी."