घामाचा कायदा (भाग ९) : आठाचे बारा

टाळेबंदीला महिनाही झाला नव्हता. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरातच्या श्रम व रोजगार विभागाने एक अधिसूचना काढली आणि राज्यातल्या कारखान्यांना प्रौढ कामगाराकडून दिवसाला १२, आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम करून घेण्याची मुभा दिली. जादा तासांच्या पैशांचं काय, याचं उत्तर अधिसूचनेत उदाहरणासकट होतं : आठ तासांची मजुरी ८० रुपये असेल, तर बारा तासांची १२० रुपये.

सरळ त्रैराशिक. पण १९४८चा कारखाने अधिनियम त्रैराशिकावर चालत नव्हता. कलम ५१ने आठवड्याची मर्यादा ४८ तासांची घातली होती, कलम ५४ने दिवसाची ९ तासांची, आणि त्यापुढच्या कामाला कलम ५९ दुप्पट दर लावत होतं. तासाला दहा रुपये धरले, तर ७२ तासांच्या आठवड्याचे कायद्याप्रमाणे ९६० रुपये होतात. अधिसूचनेच्या हिशेबाने ७२०. चौथा हिस्सा गेला, तोही नेमका कमाईची सगळ्यात ओढ असताना.

दुप्पट दर ही काही बक्षिशी नव्हे. जादा तास मालकाला महाग पडावेत आणि त्याने ते जपून वापरावेत, म्हणून घातलेला तो लगाम आहे. ४८ तासांची मर्यादाही सुखासुखी मिळालेली नाही. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आणलेल्या १९४६च्या दुरुस्तीने ५४ तासांचे ४८ झाले. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली, १८९०मध्ये. हेच लोखंडे फेब्रुवारी १८९७मध्ये प्लेगच्या साथीत गेले. साथ आणि कामगार यांचं नातं मुंबईला नवं नाही.

तास वाढवण्याच्या बाजूने उद्योजकांकडे एक युक्तिवाद होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. आठ तासांच्या तीन शिफ्टऐवजी बारा तासांच्या दोन केल्या, तर कमी माणसांत काम भागतं, गर्दी आणि ये-जा कमी होते, संसर्ग टळतो. पण दमलेला माणूस यंत्रापाशी उभा असतो, याचा हिशेब त्यात नव्हता. अधिसूचनेने तर पाच तासांनंतरची अर्ध्या तासाची सुट्टीही सहा तासांवर ढकलली होती. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये, टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू होण्याच्या बेतात असताना, स्टायरीन वायूची गळती झाली आणि किमान बाराजण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखान्यांना सूचना केली : पहिला आठवडा चाचणीचा समजा, मोठ्या उत्पादनामागे लागू नका. देशात एक सरकारी कागद दमाने घ्या म्हणत होता आणि दुसरा ७२ तास राबवा म्हणत होता.

बारा तासांच्या वाटेवर गुजरात एकटं नव्हतं. महाराष्ट्रानेही त्याच महिन्यात बारा तासांची मुभा दिली, मात्र जादा तासांचा दुप्पट दर ठेवला. उत्तर प्रदेशाने ८ मे रोजी काढलेली अधिसूचना उच्च न्यायालयाची नोटीस येताच आठवडाभरात मागे घेतली. गुजरातने मात्र जुलैमध्ये दुसरी अधिसूचना काढून मुदत वाढवली.

गुजरात मजदूर सभा आणि ट्रेड युनियन सेंटर ऑफ इंडिया या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रश्न एकाच कलमाचा होता. कारखाने अधिनियमाच्या कलम ५नुसार ‘सार्वजनिक आणीबाणी’त सरकार कारखान्यांना सूट देऊ शकत होतं, पण आणीबाणी कशाला म्हणायचं, हे त्याच कलमात लिहून ठेवलेलं होतं. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला गंभीर धोका असायला हवा होता. कोरोनाने उद्योग मंदावले, हे खरं; त्याला अंतर्गत अशांतता म्हणायचं का?

न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ‘नाही’ म्हटलं. दोन्ही अधिसूचना रद्द झाल्या. एवढ्यावर न थांबता न्यायालयाने अनुच्छेद १४२चा अधिकार वापरून, पात्र कामगारांना मधल्या काळातल्या जादा तासांचे पैसे कलम ५९च्या दरानेच द्यावेत, असाही आदेश दिला. कामगाराच्या दृष्टीने निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. अधिसूचना रद्द झाल्याने राबून संपलेले तास परत येत नाहीत. त्यांचा मोबदला मात्र मागता येतो.

गंमत, किंवा विटंबना, वेगळीच आहे. निकाल लागण्याच्या तीनच दिवस आधी, २८ सप्टेंबरला, राष्ट्रपतींनी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेवर सही केली होती. तिच्या कलम १२८मध्ये सूट देण्याची कारणं आता तीन आहेत : सार्वजनिक आणीबाणी, आपत्ती आणि महासाथ. यांपैकी काहीही ओढवलं, तर सरकार एखाद्या कामाच्या ठिकाणाला संहितेच्या कोणत्याही किंवा सगळ्या तरतुदींतून सूट देऊ शकतं, एका वेळी एक वर्षापर्यंत. गुजरात सरकारला जे कलम ५मधून ओढून-ताणून काढावं लागलं आणि तरीही मिळालं नाही, ते या संहितेत साध्या शब्दांत लिहिलेलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आहे.