प्रतिवादी : अशोक कुमार, पत्ता ठाऊक नाही

पुण्यातला ‘बर्गर किंग’चा दावा अनेकांना आठवत असेल. अमेरिकी कंपनीने 2011मध्ये कॅम्पातल्या त्याच नावाच्या हॉटेलाच्या मालकांवर तो लावला; जिल्हा न्यायालयाने 2024मध्ये फेटाळला. तिथे प्रतिवादीची पाटी रस्त्यावरूनच वाचता येत होती. पण नव्या सिनेमाची चोरटी प्रत आज रात्री इंटरनेटवर कोण टाकणार, हे निर्मात्याला कसं कळावं? मग दाव्यात नाव घालतात ‘अशोक कुमार’. इंग्रजांच्या ‘जॉन डो’चा हा देशी भाऊ. 2002च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने अनोळखी केबलवाल्यांविरुद्ध असा मनाईहुकूम दिला आणि पायंडा पडला.

पुढे निर्माते अख्खी संकेतस्थळंच बंद करून मागू लागले. 2016मध्ये ‘ढिशूम’च्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्याला लगाम घातला: नेमक्या पानांचे पत्ते पडताळून, प्रतिज्ञापत्रावर द्या, आणि बंद पानावर दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचं नाव आणि दाद मागण्याची सोय लिहा. हे योग्यच झालं. अशोक कुमारची बाजू मांडायला वकील नसतो, मग एकतर्फी हुकमात निरपराध दुकानदारही सापडतो.

खरा माणूस हाती लागला, की त्याचं नाव दाव्यात घालून त्याला समन्स काढतात.