गावठी कोंबडी, बदक आणि घरचे वाण

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाड भागात, ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याच्याही दारात दोन कोंबड्या असू शकतात. शेत दुसऱ्याचे, पण कोंबडी आपली. अंड्याचे पैसे घरच्या बाईच्या हातात येतात, मुलांच्या वह्या त्यातून होतात. धम्मदीक्षेनंतर आपण नवस आणि कोंबड्याचा बळी सोडला. कोंबडी मात्र राहिली, ती संसाराचा आधार म्हणून.

आता गावोगाव सुधारित पिल्ले येतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या केंद्राची वनराजा. वजन चांगले, अंडीही जास्त. परंतु या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि त्यांच्या पिलांत आईबापांचे गुण टिकत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्ले विकतच घ्यायची. गावठी कोंबडी एकवीस दिवस बसून स्वतः पिल्ले काढते, घारीपासून राखते.

बदकांचेही तेच. इंग्लंडमधून आलेले खाकी कॅम्पबेल भरपूर अंडी देते, पण उबवीत नाही. त्याची अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली अठ्ठावीस दिवस ठेवावी लागतात. कोंबडीचे वाण गेले की बदकाची ही सोयही गेली.

कोणी म्हणेल, मग शुद्ध जात राखायची काय? तसे नाही. 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. हा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आरवतो. म्हणजे कोंबडीचे रक्तही मिसळलेलेच! माणसांच्या जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये सांगितलेच आहे. धोका मिसळण्यात नाही, सगळे एकाच साच्याचे होण्यात आहे. सर्व पक्षी सारखे असले, तर एकच रोग सगळा खुराडा रिकामा करू शकतो. नाना तऱ्हेचे असले, तर काही तगण्याची आशा असते.

भगिनींनी एवढे करावे. निदान एक गावठी कोंबडा आणि चार तलंगा वेगळ्या राखाव्यात. दोन-तीन वर्षांनी कोंबडा दुसऱ्या गावच्या नातलगाशी बदलून घ्यावा, म्हणजे भावंडांत जोड होत नाही. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. चांगली खुडूक बसणारी कोंबडी पाहुण्यासाठी कापू नये.

कर्नालच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आसामचे पाती आणि बिहारचे मैथिली बदक स्वतंत्र वाण म्हणून नोंदले आहे. ही वाणे प्रयोगशाळेत घडली नाहीत. गरिबांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, म्हणून नोंदीपर्यंत पोहोचली. आपल्या खुराड्यातले वाणही असेच आपल्या हाती आहे. ते पुढच्या पिढीला द्यायचे आहे. जयभीम!