पाणबुड्याचा कोरडा पोशाख

इंदूरला माझ्या माहेरच्या वाड्यासमोर सायकलदुरुस्तीचे एक लहानसे दुकान होते. दुकानदार ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात हळूहळू फिरवीत असे आणि जेथून बुडबुड्यांची माळ निघे, तेथे खूण करीत असे. शाळेतून परतताना आम्ही मुले ते दृश्य पाहत कितीतरी वेळ उभी राहत असू. गतवर्षी उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी बेटांवर, स्ट्रॉमनेस नावाच्या गावी, मला त्या घमेल्याची अकस्मात आठवण झाली. माझी भाची स्वयंपाकघराच्या जमिनीवर आपला पाणबुड्याचा पोशाख पसरून त्याला साबणाचे पाणी लावीत होती आणि बुडबुडे शोधीत होती.

ऑर्कनीच्या बेटांनी वेढलेला स्कापा फ्लो हा एक विस्तीर्ण सागरी जलाशय आहे. पहिले महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजे येथे आणून अडकवून ठेवण्यात आली होती. २१ जून १९१९ रोजी त्यांचे सेनानी रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बुडविण्याची आज्ञा दिली आणि त्या एका दिवसात ५२ जहाजे बुडाली. पुढे त्यांपैकी बहुतेक वर काढून मोडीत घालण्यात आली. परंतु तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर अजूनही तळाशी आहेत. ती पाहण्यासाठी जगभरचे हौशी पाणबुडे येथे येतात. मात्र पाणी उन्हाळ्याच्या अखेरीसही सहसा १३-१४ अंश सेल्सिअसच्या वर जात नाही.

गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ किंवा मालवणच्या समुद्रात बुडी घेणाऱ्यास या थंडीची कल्पना येणे कठीण. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते. आपल्याकडे वापरला जाणारा वेटसूट अंगालगत पाण्याचा पातळ थर येऊ देतो. तो थर शरीराच्या उबेने तापतो आणि भोवतीच्या जाड, सच्छिद्र नीओप्रीनमुळे काहीसा टिकतो. उबदार समुद्रात तेवढे पुरते. थंड समुद्रात मात्र पाण्याला आत येऊच न देणारा पोशाख लागतो. तोच ड्रायसूट. याची खरी ऊब आत घातलेल्या लोकरी किंवा तत्सम जाड कपड्यांत आणि त्या कपड्यांनी धरून ठेवलेल्या हवेत असते. बाहेरच्या कवचाचे काम एकच : ती हवा कोरडी राखणे. आतले कपडे भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि सारी ऊब संपते.

या कवचाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड करण्याचे पेटंट घेतले. इंग्रज लोक पावसाळी कोटास ‘मॅकिंटॉश’ म्हणू लागले ते त्यांच्याच नावावरून. त्या काळचे कच्चे रबर थंडीत ताठर व उन्हात चिकट होई. १८४० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी रबर गंधकासह तापवून तो दोष दूर करण्याच्या पद्धतीची पेटंटे घेतली. दरम्यान ऑगस्टस सीबे यांनी धातूचे शिरस्त्राण जोडलेला बंद पोशाख पाणबुड्यांसाठी तयार केला होता. त्याचे कापडही रबर लावलेलेच. आज प्रचारात असलेला तीन थरांचा ड्रायसूट मॅकिंटॉशच्या कापडाचाच वंशज होय : बाहेर नायलॉन वा पॉलिएस्टर, मध्ये ब्युटाइल रबर आणि आत पुन्हा कापड.

पोशाख अंगावर चढविण्यासाठी त्याला एक जलरोधक चेन असते. मनगटांशी व गळ्याशी लेटेक्सची, नीओप्रीनची किंवा सिलिकोनची घट्ट पट्टी असते. तिला सील म्हणतात. छातीवर हवा आत घेण्याचा आणि बहुधा डाव्या दंडावर ती सोडण्याचा व्हॉल्व्ह असतो. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे पृष्ठभागावर जेवढी हवा पोशाखात असेल, तिचे आकारमान तीस मीटरवर एक चतुर्थांश उरते. पोशाख अंगाला चिमटे घेऊ लागतो, म्हणून खाली जाताना टाकीतील हवा थोडीथोडी आत घ्यावी लागते आणि वर येताना ती फुगते म्हणून सोडावी लागते. म्हणजे चेन, सील आणि व्हॉल्व्ह या तीन ठिकाणी सारी मदार.

आता त्या दिवशी काय घडले ते सांगते. सकाळी भाची तिच्या मंडळींसह एका क्रूझरवर बुडी घेण्यास गेली. ठरल्या वेळेच्या बरीच आधी ती परतली. ओठ निळसर झालेले, डावी बाही कोपरापर्यंत भिजलेली. मनगटाच्या सीलला चीर गेली होती. सुदैवाने खाली जाऊन फार वेळ झाला नव्हता. खोलवर अधिक काळ राहिल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत ठरावीक वेळ थांबत थांबत वर यावे लागते. थंडी वाजते म्हणून सरळ वर येता येत नाही. बोटे बधिर झालेली, विचारशक्ती मंदावलेली आणि तरीही गोठविणाऱ्या पाण्यात थांबणे भाग, असा तो प्रसंग असतो. शिवाय एकट्याने परतण्याची रीत नाही. तिच्यासोबत तिच्या जोडीदारालाही वर यावे लागले.

चहा घेता घेता ती म्हणाली, “मावशी, पंधरा दिवसांपूर्वीच ते हाताला चिकट लागत होतं. पावडर लावून तसंच ठेवलं मी. म्हटलं, एवढी सहल काढेल.”

शिवणकाम करणाऱ्या आम्हा बायकांना हे वाक्य चांगलेच ओळखीचे आहे. उसवलेला टाका दिसत असतो. परंतु कार्य पार पडेपर्यंत टिकेल असे आपण मनाशी म्हणतो. साडीच्या बाबतीत त्याची किंमत फार तर चार लोकांतील फजिती असते. येथे ती निराळी आहे.

सायंकाळी दुरुस्ती सुरू झाली. प्रथम निदान. बुडीनंतर आतले कपडे सर्वत्र सारखेच दमट असतील, तर तो बहुधा घाम. अंगातली वाफ थंड कापडावर गोठून पाणी होते. एकाच जागी ओल असेल तर ती गळती. परंतु गळतीपूर्वी स्वतःकडेही पाहावे. मूठ घट्ट आवळली की मनगटाच्या शिरा उचलल्या जातात आणि त्यांच्या बाजूच्या खोलगट जागेतून पाणी शिरते. गळ्याच्या सीलखाली चार केस अडकले तरी पाण्याला वाट मिळते.

सीलची चीर तर डोळ्यांना दिसतच होती; तरी इतरत्र काही आहे का, हे पाहणे शहाणपणाचे. मनगटांच्या तोंडांत भाचीने काचेच्या बरण्या बसविल्या, गळ्यात लहान मुलाचा रबरी चेंडू. चेन लावली, दंडावरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि छातीच्या व्हॉल्व्हमधून हवा भरली. पोशाख भरलेल्या उशीइतकाच फुगवावा, ताणू नये. अन्यथा शिवणींवर भार येतो. मग स्पंजाने साबणाचे पाणी लावीत आम्ही दोघी एकेक शिवण तपासू लागलो. उजव्या गुडघ्याजवळ बारीक बुडबुड्यांचा पुंजका उमटला. सुईच्या अग्राएवढे ते छिद्र! तेथे खडूने खूण केली.

ठिगळाची पद्धत पोशाखाच्या जातीनुसार ठरते. संपूर्ण व्हल्कनाइज्ड रबराच्या पोशाखाला सायकलच्या ट्यूबप्रमाणेच पृष्ठभाग खरवडून, सोल्युशन लावून रबरी तुकडा चिकटविता येतो आणि तो थोड्याच वेळात पुन्हा वापरता येतो. नीओप्रीनच्या चिरेच्या दोन्ही कडांना नीओप्रीनचा गोंद पातळ थरांत लावून, थर सुकल्यावर कडा एकमेकींवर दाबतात. भाचीचा पोशाख तीन थरांचा असल्याने तो तिने उलटा केला, छिद्राभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू दिली आणि आतल्या बाजूने युरेथेनच्या गोंदाचा पातळ लेप, छिद्राच्या कडेपासून बोटभर पुढे जाईल असा, लावला. जाड लेप लवकर सुकत नाही व नंतर कडेने उचलला जातो. लेप लावल्यावर रात्रभर त्याला हात लावावयाचा नाही.

लेटेक्सच्या चिरलेल्या सीलला ठिगळ भरवशाचे नसते, कारण तो भाग प्रत्येक वेळी ताणला जातो. जुने सील काढूनच टाकावे लागते. काही पोशाखांना हल्ली कड्यावर बसणारी सील असतात. ती गोंदाशिवाय काही मिनिटांत बदलता येतात. हिच्या पोशाखाला तशी सोय नव्हती. बाहीत योग्य जाडीची बाटली घालून तोंड गोल ताणून धरले, कापड स्वच्छ केले, बाही व नवे सील या दोहोंना गोंदाचे दोन पातळ थर लावले. थर सुकल्यावर दोन्ही जोडताना हात स्थिर हवा. एकदा चिकटले की सरकवून नीट करता येत नाही. मग सुरकुती राहू न देता सगळीकडून दाबले. नवे सील फार घट्ट असल्यास टोकाकडून एक-एक अरुंद कडी कापीत, प्रत्येक वेळी घालून पाहावे. गळ्याचे सील तर विशेष जपून बसवावे. ते मानेच्या रक्तवाहिन्यांवर दाबले गेल्यास भोवळ येऊ शकते.

दुसरा दिवस गोंद वाळण्यात गेला. भाचीची एक बुडी हुकली आणि ती मुकाट्याने धक्क्यावर बसून इतरांची जहाजे सुटताना पाहत राहिली. तिसऱ्या दिवशीही ती लगेच खोल गेली नाही. चर्चिल बॅरियर्सच्या बांधांजवळ उथळ पाण्यात बुडालेली जुनी जहाजे आहेत. तेथे आधी पोशाख पारखला. बाहेर आल्यावर तिने सर्वांत प्रथम दोन्ही बाह्या आतून चाचपल्या. कोरड्या होत्या.

दुरुस्तीपेक्षा निगा सोपी, हे आपणां गृहिणींस सांगावयास नको. प्रत्येक बुडीनंतर चेन लावून पोशाख बाहेरून गोड्या पाण्याने धुवावा. व्हॉल्व्ह विशेष काळजीने धुवावेत, कारण आत वाळलेले मीठ त्यांची कळ अडकवते. हवा घेणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर पोशाख फुगून माणूस वेगाने वर फेकला जातो आणि ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी नळी तत्काळ काढून हवा सोडावयाची असते. व्हॉल्व्हचे अंतरंग घरी उघडू नये. ते काम कार्यशाळेचे. चेनही तशीच. पितळी दातांची ही चेन अवकाशवीरांच्या दाबपोशाखासाठी झालेल्या संशोधनातून आलेली आहे. एक दात मोडला तरी साधारणपणे सारी चेन बदलावी लागते आणि तो खर्च मोठा असतो. मऊ ब्रशाने वाळू काढावी, बाहेरून मेण फिरवावे, ती वाकवू नये आणि अडल्यास ओढू नये. साठविताना ती उघडी ठेवावी की बंद, हे चेनच्या जातीप्रमाणे बदलते. निर्मात्याची सूचना पाहावी.

लेटेक्सचे शत्रू अनेक : ऊन, अंगाचे तेल, उन्हाचे मलम, तांबे आणि विजेच्या मोटारींजवळ तयार होणारा ओझोन वायू. सील सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून त्याला साधी टाल्क पावडर लावावी; सुगंधी पावडरीतील तेले लेटेक्सला अपाय करतात. सिलिकोनचा फवाराही टाळावा, कारण त्यावर पुढे गोंद धरत नाही. पोशाख घालण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातले, सारे उतरवावे आणि सील नखांनी न ओढता सपाट बोटांनी फाकवावे. बाहेरून वाळल्यावर पोशाख उलटा करून आतूनही वाळवावा आणि थंड, अंधाऱ्या जागी सैल गुंडाळून ठेवावा.

आज आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली थंड समुद्रांच्या देशांत राहतात आणि सुट्टीत असले छंद करतात. आपण दूर बसून काळजी करतो. परंतु नेमकी कशाची काळजी करावी हे आपल्याला ठाऊक नसते. आता भाचीचा फोन आला की मी समुद्राविषयी विचारीत नाही. “सील पाहिलेस का?” एवढेच विचारते. ती हसते आणि सांगते, की हल्ली बुडीहून आल्यावर आधी पोशाख धुते, मगच चहाला बसते.