छोटी गाडी पळते कशी आणि अडते कुठे

नववीच्या वर्गात त्वरण शिकवताना उदाहरण म्हणून बहुधा वरून सोडलेला दगड येतो, नाहीतर स्टेशनातून सुटणारी आगगाडी. पण समोर बसलेल्या कित्येक मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर गाड्यांची चित्रे असतात आणि ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ हा प्रश्न ती एकमेकांना मधल्या सुट्टीत विचारत असतात. हा प्रश्न त्वरणाचाच आहे, फक्त तो पुस्तकात नाही. तो वर्गात आणायचा तर शर्यतीच्या मोटारींपेक्षा एक साधे वाहन अधिक उपयोगी पडते : वेगवान हॅचबॅक.

हॅचबॅक म्हणजे जिला वेगळी डिकी नाही अशी गाडी. मागची काच आणि दार एकत्रच वर उघडते. १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० किंवा पुण्यात तयार झालेली १९९८ची इंडिका आठवावी. इंजिन पुढे, तेही आडवे बसवलेले आणि त्याची ताकद पुढच्याच चाकांना दिलेली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा नसल्याने मधला बोगदा वाचतो आणि माणसांना, पिशव्यांना जागा मिळते. थोडक्यात, ही काटकसरीतून जन्मलेली रचना आहे. अशा गाडीने महागड्या स्पोर्ट्‌स मोटारींना मागे टाकावे, हे तिचे खरे आकर्षण गेली पन्नास वर्षे टिकून आहे.

काटकसर हा शब्द सहज वापरलेला नाही. १९५६ साली सुवेझ कालव्याचा पेच उद्भवला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोल मोजून मिळू लागले. त्या टंचाईतून अ‍ॅलेक इस्सिगोनिस यांनी मिनी ही चिमुकली गाडी आखली. ती १९५९ साली आली. इंजिन आडवे बसवून त्याखालच्या तेलाच्या भांड्यातच त्यांनी गिअर बसवले. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या ध्यानात आले, की ही गाडी वळणावर विलक्षण चिकटून चालते, फक्त तिला जोर कमी पडतो. १९६१च्या मिनी कूपरमध्ये ३४ अश्वशक्तीच्या जागी ५५ अश्वशक्ती आली. पुढे मिनीने माँटे कार्लोची रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. त्या काळच्या नियमांत लहान इंजिनांना काही सूट मिळत असे हे खरे, पण बर्फाळ घाटातून कितीतरी अधिक शक्तीच्या गाड्यांशी सामना करणे हे केवळ सवलतीवर जमत नाही. (काटेकोरपणे पाहिले तर मिनी हॅचबॅक नव्हती, तिला छोटीशी डिकी होती. पण घराणे तेच.)

या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय. साधी गोल्फ १९७४ साली आली होती. तिचा आकार इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचा. कंपनीतल्या मोजक्या मंडळींनी वरून कोणताही अधिकृत आदेश नसताना तिची वेगवान आवृत्ती तयार करायला घेतली. सप्टेंबर १९७५मध्ये ती फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९७६पासून विकली जाऊ लागली. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आसनांचे चौकड्यांचे कापड आणि गिअरच्या दांड्यावरची गोल्फच्या चेंडूसारखी मूठ या तिच्या दोन खुणा. त्या गुनहिल्ड लिलिएक्विस्ट या महिला डिझाइनरने सुचवलेल्या होत्या. त्यांतले चौकड्यांचे कापड आजवर टिकून आहे.

आता आकडे पाहू. वजन सुमारे ८१० किलो, इंजिन १.६ लिटरचे, शक्ती ११० अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला सुमारे ९ सेकंद. एवढ्या माहितीवर फळ्यावर एक छान गणित होते. चालकाचे ७५ किलो धरून वस्तुमान ८८५ किलो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते सुमारे ३,४२,००० ज्यूल. ही ऊर्जा ९ सेकंदांत मिळाली, म्हणजे सरासरी शक्ती ३८ किलोवॉट. आणि इंजिनाची शक्ती? युरोपात वापरली जाणारी अश्वशक्ती ७३५.५ वॉटची असते (आपल्या पुस्तकातली ७४६ वॉटची अश्वशक्ती ब्रिटिश), म्हणून ११० अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ ८१ किलोवॉट.

निम्म्याहून अधिक शक्ती गेली कुठे? हा प्रश्न मुलांसमोर टाकून थोडे थांबावे. इंजिन आपली पूर्ण शक्ती एका ठरावीक फेऱ्यांपाशीच देते, त्याच्या खाली आणि वर कमी. गिअर बदलताना क्लच दाबला, की तेवढा वेळ चाकांना काहीच मिळत नाही. हवा मागे ढकलते, टायर दबून पुन्हा फुगताना तापतात, शिवाय चाके आणि इंजिनातले फिरणारे भाग यांनाही फिरवत न्यावे लागते. जाहिरातीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत एवढे अंतर का असते, ते एकाच गणितातून दिसते.

या गाडीची खरी करामत शक्तीत नव्हती, हलकेपणात होती. ११० अश्वशक्ती त्या काळीही काही थोर नव्हती. पण ती ८१० किलोंना ओढत होती. हलकेपणाचा दुसरा फायदा वळणावर मिळतो. गाडी वळते तेव्हा ती स्वतःभोवतीही थोडी फिरत असते, आणि फिरवायला ती किती जड जाईल हे वस्तुमान मध्यापासून किती दूर आहे यावर ठरते, तेही अंतराच्या वर्गाने. गोल्फची लांबी जेमतेम ३.७ मीटर होती आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर. एक मीटरची पट्टी मध्यावर धरून तिच्या दोन टोकांना दोन खोडरबर बांधावेत आणि ती मनगटाने इकडून तिकडे फिरवावी. मग तेच खोडरबर मधोमध आणून बांधावेत. वजन तेच, पण हाताला फरक लगेच कळतो. आखूड गाडी चपळ का वाटते, याचे उत्तर त्या मनगटात आहे.

मग इंजिन वाढवत नेले तर गाडी हवी तितकी जोरात सुटेल का? इथे घर्षण आडवे येते.

गाडीला पुढे ढकलते ते इंजिन नव्हे, रस्ता. चाक रस्त्याला मागे रेटते, रस्ता चाकाला पुढे रेटतो. हे रेटणे घर्षणाच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती मर्यादा चाकावर किती भार आहे यावर अवलंबून. पुढे इंजिन असल्याने अशा गाडीचा साधारण ६२ टक्के भार पुढच्या चाकांवर असतो असे मानू. आपल्या ८८५ किलोंपैकी ते झाले सुमारे ५४९ किलो. हे गाडी उभी असताना. गाडी वेग घेऊ लागली, की तिचे नाक वर उचलले जाते आणि भार मागे सरकतो. बसमध्ये उभा असलेला माणूस मागे झुकतो तसेच. गुरुत्वमध्य रस्त्यापासून ०.५५ मीटर उंचीवर धरला आणि त्वरण दर सेकंदाला ४.५ मीटर प्रति सेकंद असेल, तर जवळजवळ ९३ किलोंचा भार मागे जातो. पुढे उरतात ४५६. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.९ घेतला तर पुढची चाके फार तर ४०२० न्यूटन बल लावू शकतात. त्याला ८८५ने भागा. उत्तर येते ४.५.

म्हणजे आपण मानलेले त्वरण हीच मर्यादा निघाली. याहून जास्त जोर दिला, की चाके जागच्या जागी फिरतात, रबर जळते आणि गाडी मात्र तेवढीच पुढे जाते. या त्वरणाने शंभरचा वेग गाठायला ६.२ सेकंद लागतात. टायर अधिक चांगले असतील तर साडेपाचपर्यंत. इंजिन पाचशे अश्वशक्तीचे बसवले तरी या गणितात काही बदलत नाही, कारण शक्तीचा आकडा त्यात कुठे आलेलाच नाही!

प्रत्यक्षातले आकडे याला छान जुळतात. गोल्फ जीटीआयची २०२४ची आवृत्ती २६५ अश्वशक्तीची आहे, आणि तिचा आकडा आहे ५.९ सेकंद. पहिल्या गाडीच्या दुपटीहून जास्त शक्ती, पण वेळ काही निम्मा झालेला नाही. अर्थात दुसरेही कारण आहे. अपघातात माणूस वाचावा म्हणून भक्कम झालेला सांगाडा, हवेच्या पिशव्या, वातानुकूलन यांनी गाडीचे वजन १४०० किलोंच्या वर नेले आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल तक्रार करणे मला तरी योग्य वाटत नाही.

हा प्रयोग वर्गात करता येतो. चावीची किंवा मागे ओढून सोडायची खेळण्यातली गाडी घ्यावी. गुळगुळीत ताटलीवर थोडी टाल्कम पावडर पसरून ताटली किंचित तिरकी ठेवावी. चालती चाके कुठली आहेत ते आधी शोधून काढावे, मग दोन-तीन नाणी एकदा त्या चाकांवर आणि एकदा विरुद्ध टोकाला चिकटवून गाडी चढावर सोडावी.

या मर्यादेतून सुटायचा एक मार्ग उघड आहे : चारही चाकांना ताकद द्यायची. मग भार कुठेही सरको, तो कुठल्या तरी चालत्या चाकावरच सरकतो. तेव्हा मर्यादा होते दर सेकंदाला ८.८ मीटर प्रति सेकंद, आणि शंभरचा वेग साधारण सव्वातीन सेकंदांत. लान्चा डेल्टा या इटालियन हॅचबॅकने चारचाकी ताकदीच्या जोरावर १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅलीचे उत्पादकांचे विजेतेपद मिळवले. २०१९ची मर्सिडीज एएमजी ए४५ एस ही ४२१ अश्वशक्तीची हॅचबॅक ३.९ सेकंदांत शंभरवर जाते. पण मग ती काटकसरीची गाडी उरत नाही, किमतीनेही नाही आणि वजनानेही नाही.

भाराचे हे सरकणे दुसऱ्या एका जागी जिवावर बेतते. १९८४ साली आलेली प्यूजो २०५ जीटीआय आजही जाणकारांची लाडकी आहे आणि तिची एक खोड प्रसिद्ध आहे. वळणात वेग जास्त झाला असे वाटून चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की गाडी मंदावू लागते आणि भार पुढे सरकतो. मागची चाके हलकी होतात, त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. कसलेल्या चालकाला हीच गोष्ट गाडी वळवायला उपयोगी पडते. नवख्याने जे सहजप्रेरणेने केले, त्यानेच तो संकटात सापडतो. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून शेपटी सावरण्याची सोय आली आणि युरोपात २०१४पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली.

त्याआधीचा काळ मात्र खडतर होता. स्वस्त, वेगवान आणि चोरायला सोपी गाडी तरुणांच्या हाती पडली. ब्रिटनमध्ये १९९०च्या सुमारास अशा गाड्या पळवून बेफाम हाकण्याचे प्रकार इतके वाढले, की १९९२ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते भडकले आणि पुष्कळ तरुणांना गाडी परवडली तरी विमा परवडेना. काही वर्षे हा सगळा प्रकारच ओसरला. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, हे आपण परीक्षेसाठी शिकवतो. ताशी ५० किलोमीटरला नुसता ब्रेक लागून गाडी थांबायला साधारण १२ मीटर लागत असतील, तर १००ला ४९ लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले २८ मीटर वेगळेच. पुढच्या दोन वर्षांत दुचाकी हाती घेणाऱ्या मुलांसमोर हे गणित मैदानात चुन्याने अंतरे आखून करावे. फळ्यावर ४९ हा आकडा लहान दिसतो.

आपल्याकडे या गाड्या फार रुजल्या नाहीत, आणि त्यामागे कराचाही हात आहे. चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाडीला २००६पासून कमी कर लागू झाला. पेट्रोलसाठी इंजिनाची मर्यादा १.२ लिटर. म्हणून चाकणला बनणाऱ्या पोलोच्या २०१३च्या वेगवान आवृत्तीत १.२ लिटरचेच इंजिन होते, आणि टर्बोने हवा कोंबून त्यातून १०५ अश्वशक्ती काढली होती. रांजणगावला बनलेली २०१५ची अबार्थ पुंटो १.४ लिटरची, १४५ अश्वशक्तीची. तिला ही सवलत नव्हती, आणि ती काही वर्षांतच बंद झाली. चाकणच्या पोलोचे उत्पादनही २०२२मध्ये थांबले.

आता विजेच्या गाड्यांनी हा खेळ नव्याने मांडला आहे. मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच पूर्ण पीळ देते, गिअर बदलावे लागत नाहीत. २०२३ची एमजी ४ एक्सपॉवर चारही चाकांवर ४३५ अश्वशक्ती देऊन ३.८ सेकंदांत शंभरला पोचते, पण तिचे वजन सुमारे १८०० किलो आहे. शंभरच्या वेगाला तिच्याजवळची गतिज ऊर्जा १९७६च्या गोल्फच्या दुपटीहून जास्त भरते. २०२४ साली फ्रान्सच्या अल्पीन कंपनीने ए२९० ही छोटी विजेची हॅचबॅक आणली. वजन १४७९ किलो, शक्ती २२० अश्वशक्ती, आणि जुन्या घराण्याप्रमाणे ताकद फक्त पुढच्या चाकांना. तिचा शून्य ते शंभरचा आकडा आहे ६.४ सेकंद.