402 मीटरांचा नाद

खंडेनवमीला मेस्त्रीच्या गॅरेजात पाने, लेथ आणि कंप्रेसरला झेंडू वाहिला जातो, तेव्हा दोन फुलं वरच्या फळीवरही पडतात. तिथं आमचं मोडकं सामान मांडलेलं आहे. डोक्याला भोक पडलेला पिस्टन, तुटकी रिंग, कानस जास्त चालल्यामुळं वाया गेलेला ब्लॉक. हे भंगारात का घालत नाही, असं गिऱ्हाईक विचारतं. मेस्त्रीचं उत्तर ठरलेलं : "फी भरलीया त्याची. पावती कोण टाकून देतंय?"

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोच्या शेडमध्येही अशी फळी होती. वेगाच्या देवाला अर्पण, असं त्यानं तिथं लिहून ठेवलं होतं. त्याची इंडियन स्काउट मोटरसायकल 1920 सालची, नवी असताना ताशी नव्वदेक किलोमीटर पळणारी. ती त्यानं जन्मभर घरातच सुधारली, पिस्टनसुद्धा स्वतः ओतले. 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं ताशी सुमारे 184 मैलांचा, म्हणजे 296 किलोमीटरचा विक्रम केला. आम्ही मन्रो नव्हे. फळी मात्र त्याच्याच चालीनं भरतेय.

मी मलकापुरात विज्ञान शिकवतो. मेस्त्री माझा पाचवीपासूनचा बाकसोबती. शाहूवाडी तालुक्यात सरळ रस्त्याची तशी वानवाच. रत्नागिरीचा रस्ता मलकापूर सोडून आंबा घाटाकडे निघाला की वळणंच वळणं. अशा मुलखात आम्हाला नाद लागला तो सरळ रेषेतल्या शर्यतीचा. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि पाव मैल, म्हणजे 402 मीटर, जो आधी गाठेल तो पुढच्या फेरीत. आमच्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2014 च्या बंदीनंतर 2021 च्या डिसेंबरात बैलगाडी शर्यती परत सुरू झाल्या. त्यातली गटाची फेरी, सेमी आणि फायनल पाहिलेल्याला ड्रॅगची बाद फेरी निम्मी कळलेली असते. फरक एवढाच की इथं दोन घड्याळं चालतात. दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा आणि धावेचा वेगळा. म्हणून धावेला जास्त वेळ घेतलेला गडीही नुसता लवकर सुटल्यामुळं जिंकू शकतो.

हा खेळ वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात, विमानांच्या धावपट्ट्यांवर. रस्त्यावरच्या पोरांना मैदानात आणण्यासाठी वॉली पार्क्सनं 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. तेव्हाची बरीच इंजिनंही भंगारातल्या गाड्यांची होती. आज त्या खेळात करोडोंचा चुराडा होतो, पण बूड गरिबाचंच आहे.

आमचं पहिलं भांडण पैशावरून झालं. मेस्त्रीला मोठा कार्बोरेटर हवा होता. मी एक जुनं सूत्र मांडलं : गाडी आणि चालक यांचं मिळून वजन पौंडात घ्या, त्याला हॉर्सपॉवरनं भागा, घनमूळ काढा आणि 5.825 नं गुणा. पाव मैलाचे सेकंद साधारण निघतात. आमच्या आरएक्स 100 मोटरसायकलचं वजन 103 किलो, माझं 65, ताकद 11 हॉर्सपॉवर. उत्तर आलं 18.8 सेकंद. मग ताकद दुप्पट धरली, 22. उत्तर 14.9. "आयला," मेस्त्री म्हणाला, "डबल करून चारच सेकंद?" घनमूळ हा असा कंजूष प्राणी आहे. ताकद दुप्पट केली तरी वेळ जेमतेम पाचव्या हिश्शानं घटतो. पण तेच सूत्र वजनालाही लागू आहे. एकूण वजन दहा टक्के उतरवलं तर साडेसहा दशांश सेकंद फुकटात मिळतो. त्या रात्री स्टँड, साडीगार्ड आणि इंडिकेटर सुटले. मेस्त्रीचं वजन 80. पांढरा रस्सा सोडायला तो तयार झाला नाही, म्हणून गाडी मी चालवायची असं ठरलं.

आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 पर्यंत निघाली. बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 50 मिलिमीटर, म्हणजे 98 सीसी. आता चांगली गाडी विकत घ्यायची तर ते आमच्या खिशाचं काम नाही, म्हणून आम्ही जुन्या गाडीच्या इंजिनालाच हात घातला. टू-स्ट्रोक असल्यामुळं त्यात कॅम नाही, कॅमनं उघडणारे व्हॉल्व्हही नाहीत. पिस्टन वर-खाली होताना ब्लॉकच्या भिंतीतले पोर्ट तोच उघडतो आणि तोच झाकतो. म्हणजे फोर-स्ट्रोकवाला जिथं महागडा कॅम घेतो, तिथं आमचं काम कानशीवर भागतं. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड थोडी वर नेली की तो लवकर उघडतो, इंजिन वरच्या फेऱ्यांना चेव खातं आणि खालची ओढ गमावतं. कानशीचं काम स्वस्त खरं, पण घासलेलं परत भरता येत नाही. आम्ही पोर्ट रुंदही केला. मधली दांडी नसलेला पोर्ट बोअरच्या 70 टक्क्यांपर्यंतच रुंद चालतो. 50 च्या बोअरला 35 मिलिमीटर. आम्ही हौसेनं पुढं गेलो. रिंग बाहेर फुगून पोर्टात अडकली आणि फळीवर दोन वस्तूंची भर पडली.

खरी गंमत सायलेन्सरमध्ये आहे, आणि ती ज्यानं उलगडली तोही कडकीतलाच माणूस. पूर्व जर्मनीत त्शोपाउ गावच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेनकडं जपानी कंपन्यांसारखा पैसा नव्हता. पोर्ट उघडला की धुराबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी फुगत गेली तर उलट ओढ परत येते आणि सिलिंडर साफ करते. पुढं नळी निमुळती झाली की लाट आपटून माघारी फिरते आणि बाहेर सांडू लागलेला ताजा माल परत आत ढकलते. काडेननं हे मोजून वापरलं आणि 1961 मध्ये 125 सीसीच्या इंजिनातून 25 हॉर्सपॉवर काढली. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला, विद्या घेऊन सुझुकीकडं गेला आणि 1962 मध्ये 50 सीसीचा जगज्जेता झाला. काडेन तिथंच राहिला. मला तो डेग्नरपेक्षा जवळचा वाटतो.

लाटेचा हिशेब आठवीच्या पोरालाही जमेल. मिनिटाला 9000 फेऱ्या, म्हणजे एक फेरी 6.67 मिलिसेकंदांची. पोर्ट 190 अंश उघडा राहिला तर साडेतीन मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर धावते, म्हणजे जाऊन-येऊन 1.76 मीटर. तेव्हा उलटा शंकू पिस्टनपासून साधारण 88 सेंटिमीटरवर हवा. आम्ही लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे शंकू कापले, ते पत्र्यावर आखले आणि गॅसवर जोडले. दिसायला काहीतरी गिळून बसलेल्या अजगरासारखं.

पण सुधारणा झाली की नाही हे कळणार कसं? रस्त्यावर नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि नसता कायदा तरी आमच्या रस्त्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर आहेत. इथं कोल्हापूर कामाला आलं. उसाची गुऱ्हाळं आणि नदीवरचे पंप ऑईल इंजिनांवर चालायचे. ती दुरुस्त करता करता इथं लेथ आले, फौंड्र्या आल्या, शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. जुने कारागीर म्हादबा मेस्त्री (आमचा मेस्त्री नव्हे) यांचं नाव आजही तिथं आदरानं घेतात. ब्लॉकचं बोअरिंग, हेडची घासाई, क्रँकची जुळणी, सगळं आम्ही तिथूनच करून आणतो. आणि ऑईल इंजिनाचं ओतीव फ्लायव्हील भंगारात किलोवर मिळतं.

तेच आमचं मोजयंत्र. 60 किलोचं, 60 सेंटिमीटर व्यासाचं चाक खड्ड्यात बेअरिंगवर बसवलं, भोवती वाळूची पोती रचली आणि साखळीनं इंजिनाला जोडलं. सपाट चकती धरली तर ते थांबल्यापासून मिनिटाला 600 फेऱ्यांपर्यंत न्यायला साधारण 5300 ज्यूल लागतात. एका सेकंदात नेलं तर सात हॉर्सपॉवर. ओतीव लोखंड जास्त फिरवलं तर फुटून गोळ्यासारखं सुटतं, म्हणून 600 च्या वर जायचं नाही, आणि चाक फिरत असताना खड्ड्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. फ्लायव्हीलचं वजन कडेला जास्त असतं, त्यामुळं आमची हॉर्सपॉवर खऱ्यापेक्षा कमीच भरते. भरू दे. कालच्यापेक्षा आज बरं की वाईट, एवढंच आम्हाला हवं असतं.

त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी केला आणि मेस्त्रीनं मोडला. एका संध्याकाळी त्यानं मला न सांगता कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेटही बारीक केला आणि ठिणगीचं टायमिंगही पुढं सरकवलं. चाक भन्नाट फिरलं. "बघ मास्तर!" चौथ्या खेपेला आवाज पातळ झाला आणि इंजिन चिकटलं. पेट्रोल कमी पडलं की पिस्टनचं डोकं वितळतं. प्लग बिस्किटासारखा तपकिरी दिसायला हवा, आमचा पांढराफटक निघाला. दोन्ही बदल एकदम केल्यामुळं ताकद कशानं वाढली तेही कळलं नाही. आठवडाभर आम्ही बोललो नाही. मग त्यानं वही आणून माझ्यासमोर टाकली : "तू लिव्ह, मी सोडतो."

तेव्हापासून वहीत जेटचा नंबर, हवेचं तापमान, पाऊस होता की नाही, सगळं जातं. समुद्रसपाटीपासून दर 100 मीटर चढलं की हवा सुमारे एक टक्का विरळ होते. त्यामुळं वर मलकापुरात बसवलेला जेट खाली चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बारीक पडणार, पिस्टन जाळणार. राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा तिथं होतात. जवळचं म्हटलं तर लोणावळ्याकडची अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी, जिथं व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत भरत आलीय. तिथं कोट्यवधींच्या गाड्यांच्या गर्दीत आमचं 98 सीसीचं कार्टं कुठल्या गटात बसणार, यावर अजून चर्चा चालू आहे. मेस्त्रीला हार-जीत नको, घड्याळाखालून गेलेला एक छापील कागद हवा आहे. तो कागद फळीवर लावायला त्यानं खिळाही ठोकून ठेवलाय.

सध्या वाद सायलेन्सरच्या लांबीवर अडलाय. माझं गणित 88 म्हणतं, त्याचा कान 86. यंदा शंकूचा जोड पक्का न करता सरकता ठेवलाय. भाऊबीज झाली, पाव्हणे गेले, की खड्ड्यावरचा पत्रा काढायचा.